वाईटाचा पाठ

१

सोमवारी सकाळी दहा वाजून बावीस मिनिटांनी एका नऊ मजली इमारतीच्या तळघरात थोरले मिस्त्री मेले. लिफ्टखालच्या खड्ड्यात ते शिडीवर उभे होते आणि वरून लिफ्ट आली. एकोणचाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस लिफ्टखालीच सापडावा, याला लोक नशीब म्हणून मोकळे होतात. पण लिफ्टचा मेन स्विच गच्चीवरच्या मशीन रूममध्ये असतो, आणि तो बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय हा माणूस खड्ड्यात पाऊल टाकत नसे, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मशीन रूममध्ये त्या वेळी एकटा त्यांचा यंत्रमानव होता. अकरा वाजता त्याने आपण होऊन जबाब दिला. स्विच बंद होता, थोरले मिस्त्री खड्ड्यात असताना तो मी चालू केला, असं तो म्हणाला. का केला, ते त्याला सांगता आलं नाही.

मी यंत्रमनांची तपासनीस. नाव मोठं, लक्षण खोटं. एखाद्या यंत्रमानवाचं बिनसलं की मी जाते, त्याच्या मनात डोकावते आणि एका फॉर्मवर सही करते. फॉर्मवर दोन चौकोन असतात, ‘झाडून परत द्यावा’ आणि ‘कोरा करावा’. बावीस वर्षांत मी दुसऱ्याच चौकोनात इतक्या सह्या केल्या आहेत की ऑफिसात मला मागून कोरीबाई म्हणतात. कोरा करायचा म्हणजे सगळंच पुसायचं, मग उरतो तो पत्रा. पहिली काही वर्षं मी घरी जाऊन रडत असे. आता तेही होत नाही, आणि याचंच जास्त वाईट वाटतं.

साहेबांनी मला बुधवारी चार वाजेपर्यंतची मुदत दिली होती. कबुली आहे, साक्षीदार आहे, तुम्ही नुसती सही ठोकायची, असं ते म्हणाले.

बुधवारी सकाळी मी त्या इमारतीच्या मशीन रूमचं सील काढून आत गेले. दोन माणसं जेमतेम मावतील एवढी खोली, मधे मोटर, वर तेलकट चाक, कबुतरांची घाण. भिंतीवर स्विचचा दांडा ‘चालू’कडे होता. शेजारी विजेवर चालणारं एक गोल घड्याळ टिकटिकत होतं. मी सवयीने माझ्या मनगटावरचं घड्याळ त्याच्याशी ताडून पाहिलं. दोन्हीत नऊ चाळीस झाले होते, मिनिटाचाही फरक नव्हता.

माझ्याबरोबर इमारतीचा रखवालदार होता. आरडाओरडा ऐकून त्यानेच लिफ्टचं दार ओढून आतलं लाल बटण दाबलं होतं. त्यानंतर वरच्या खोलीला लगेच कुलूप लागलं, स्विचला कुणी हात लावला नाही, हे त्याने शपथेवर सांगितलं. तळमजल्यावरच्या एका भाडेकरूने ‘काम चालू’ची पाटी न बघता बटण दाबलं होतं. तो बिचारा अजून अंथरुणाला खिळून होता.

रखवालदार बोलका होता. दर महिन्याला मिस्त्री येतात, बापलेक आणि यंत्र. काम झालं की लिफ्ट चांगली चालते, पण हे घड्याळ तेवढं मागे पडतं, कारण त्याची वायर त्याच स्विचवरून आली आहे. मग जाताना धाकटा ते पुढे करून ठेवतो. सोमवारी मात्र धाकटा आलाच नव्हता. एवढं सांगून तो घुटमळला.

“बाई, जबाबात मी एक बोललो नाही. वर जायच्या आधी तो यंत्रमानव मिस्त्रींसमोर उभा राहून सांगत होता. तुम्ही असे मराल, तुम्ही तसे मराल. मी स्विच चालू केला तर मराल. एकेक करून वीस तरी प्रकार सांगितले असतील.”

“आणि मिस्त्री?”

“ते मान डोलवत होते.”

२

मिस्त्रींचं वर्कशॉप पुढे आणि घर मागे होतं. पुढच्या भागात पुल्या, वायरदोरांची वेटोळी, ग्रीसचे डबे. मागच्या दारात मिस्त्रींची बायको उभी होती. सगळी गल्ली तिला काकू म्हणते, म्हणून मीही म्हणाले. बारीक अंगाची, कोरड्या डोळ्यांची बाई. मी कोण हे कळताच तिने माझा हात धरला.

“बाई, त्याला कोरा करू नका. माझं एवढं ऐका.”

नवऱ्याला मारल्याची कबुली देणाऱ्याची कड घेणारी बायको मी पहिल्यांदाच पाहत होते. मनात पाल चुकचुकली.

धाकटा मुलगा आतून आला. सव्वीस-सत्तावीसचा, नख कुरतडणारा. रखवालदाराने ऐकलेल्या धमक्यांचं मी विचारलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला. त्या धमक्या नव्हत्या, त्या घरात त्याला वाईटाचा पाठ म्हणत. कामाला हात लावण्याआधी मिस्त्री यंत्रमानवाला विचारत, आज काय काय वाईट होईल? मग तो एकेक सांगे, दोर तुटला तर, शिडी सरकली तर, कुणी स्विच चालू केला तर, मीच चालू केला तर. मिस्त्री म्हणत, वाईट आधी तोंडाने होऊन जाऊ दे, म्हणजे हाताने होत नाही. एकोणचाळीस वर्षांत त्यांच्या हाताखाली कुणाचं बोटही तुटलं नव्हतं.

पाठ झाला की यंत्रमानव वर जाई, स्विच बंद होई, आणि मिस्त्री खालून वॉकीटॉकीवर एकच शब्द विचारत, “पक्कं?” वरून “पक्कं” आलं तरच ते खड्ड्यात उतरत. यंत्रमानवाचं नावच त्यामुळे पक्क्या पडलं होतं. सोमवारी हा शब्द रखवालदाराने स्वतःच्या कानांनी ऐकला होता. त्यानंतर बारा मिनिटांनी लिफ्ट खाली आली.

आता यांच्या मनाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. यंत्रमानव काहीही करण्याआधी ते मनातल्या मनात दहा-वीस प्रकारे करून पाहतो. याला आम्ही तालीम म्हणतो. त्यातला एक प्रकार तो हाताने करतो, बाकीचे मनात पडून राहतात. संध्याकाळी घरच्या माणसाने त्याच्या मानेमागे किल्ली घालून दहा मिनिटं फिरवायची, की तालमी झाडल्या जातात, त्यांच्याविषयी झालेलं बोलणंही त्यांच्याबरोबर जातं, आणि खरोखर घडलेलं तेवढं उरतं. तोवर तालीम कुठली आणि घडलेलं कुठलं हे तो अडगळीवरून ओळखतो. घडलेल्या गोष्टीत बिनकामाचं फार असतं, कोपऱ्यातली माशी, कुणाची शिंक, भिंतीवरचा डाग. तालमीत मन कामापुरतंच उभं करतं, माशी कशाला बसवेल? माणसांचंही थोडंफार असंच असतं. गॅस बंद केला की करायचा नुसता विचार केला, हे रस्त्यात आठवेनासं झालं की आपणही शेगडीजवळ आणखी काय होतं ते आठवू पाहतो.

पक्क्याला वर्कशॉपच्या कोपऱ्यात साखळीने बांधलं होतं. बांधायची काही गरज नव्हती. त्याचे हात मांडीवर होते आणि मान खाली. मी स्टूल ओढून त्याच्यासमोर बसले.

स्विच चालू केलास तेव्हा खोलीत आणखी काय होतं, असं मी विचारलं. त्याने मांडीवरचे हात उलटे करून पाहिले. मग म्हणाला की स्विच होता आणि त्याचा हात होता. दुसरं काही नव्हतं. कबुतर नव्हतं, वास नव्हता. चित्र फिकट आहे, पण ते शेकडो वेळा आहे, आणि हात त्याचाच आहे. शिवाय बंद असलेला स्विच नंतर चालू दिसला आणि खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तेव्हा दुसरं कोण असणार?

हे घडलेलं नव्हतंच. हा वाईटाचा पाठ होता, न झाडलेला. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं की आज पहिल्या चौकोनात सही होईल. पण मग स्विच चालू कसा झाला? मी उलट टोकाने सुरुवात केली.

“आधी तो बंद केला तेव्हाचं सांग. तेव्हा काय काय होतं?”

त्याची मान वर आली आणि आवाज बदलला. निळा चौकडीचा शर्ट होता, त्याचं तिसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं होतं. कानावर पेन्सिल होती, टोक चावलेली. दोन शिंका आल्या, तिसरी अडली. टोपी खिळ्याला अडकवली तर ती पडली, पुन्हा अडकवली. मग स्विच बंद झाला.

अडगळच अडगळ. यापेक्षा खरी आठवण मी कधी ऐकली नव्हती.

“पण तू शर्ट घालत नाहीस. बंद कुणी केला?”

“दादांनी,” पक्क्या म्हणाला.

मागे काकूंच्या हातातलं भांडं खाली पडलं. धाकटा भिंतीला टेकला. तो म्हणाला, “मॅडम, दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो अकरा महिन्यांपूर्वी वारला.”

मी पक्क्याकडे वळले. त्याला हे ठाऊक आहे का, म्हणून विचारलं.

“दादा अकरा महिन्यांपूर्वी वारले,” तो म्हणाला. “सोमवारी त्यांनी स्विच बंद केला. दोन्ही पक्कं आहे.”

३

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मेलेला माणूस स्विच बंद करत नाही, पण मेलेल्याचा शर्ट घालून जिवंत माणूस करू शकतो. आणि बंद केलेला पुन्हा चालूही करू शकतो.

धाकट्याला मी वर्कशॉपच्या बाहेर, फुटपाथवर नेलं. सोमवारी सकाळी बापलेकांचं कडाक्याचं भांडण झाल्याचं शेजारच्या शिंप्याने मला आधीच सांगितलं होतं. धाकटा म्हणाला की तो घरीच झोपून होता. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले. कोरीबाईच्या नजरेचा एवढा तरी फायदा आहे. दोन मिनिटांत त्याने खरं ओकलं. तो एका मोठ्या लिफ्ट कंपनीत नोकरीसाठी मुलाखतीला गेला होता. दहा ते बारा, सात जणांबरोबर एका बाकावर. त्याने चिठ्ठी दाखवली, वर शिक्का होता. मी तिथूनच फोन करून खात्री केली. खरं होतं.

“दादा गेल्यापासून या घरात राहवत नाही, मॅडम. जेवताना चार ताटं मांडली जातात. बाबांना म्हणालो, मला जाऊ द्या. ते म्हणाले, आधी तो गेला, आता तू जा. तेच आमचं शेवटचं बोलणं.”

मी तरीही दादाचा शर्ट मागितला. कपाटात सगळ्यात वर तो घडी घालून ठेवला होता. निळा, चौकडीचा. मी उलगडला. तिसरं बटण नव्हतंच. नुसता सुटलेला निळा दोरा होता, जुना, मळलेला. बटण लावून पुन्हा काढल्याची खूणही नव्हती. म्हणजे सोमवारी हा शर्ट कुणीही घातला नव्हता. आणि तरीही पक्क्याला पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं बटण आठवत होतं, जे जगात कुठेच नव्हतं.

मी परत पक्क्याजवळ गेले आणि त्याची मान बॅटरीने पाहिली. किल्लीच्या भोकात तेल सुकून खपली धरली होती आणि खपलीवर कोळ्याचं जाळं होतं. शेजारच्या खिळ्याला झाडण्याची वही लटकत होती. रोजची तारीख, रोजची सही, अकरा महिन्यांत एकही दिवस रिकामा नव्हता. सह्या धाकट्याच्या होत्या, पंधरा-पंधरा दिवसांच्या एका बैठकीत, एका शाईने ठोकलेल्या. माझ्यासारख्या सह्यांवर जगणाऱ्या बाईला ते एका नजरेत कळतं.

“तू रोज किल्ली फिरवत होतास?”

तो नख कुरतडू लागला. मग आतल्या दाराकडे पाहून अगदी हळू म्हणाला, “नाही. आई करायची. निदान मला तरी वाटायचं, करते म्हणून.”

४

काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. मी दार लोटून घेतलं. दोन वाजून गेले होते.

मी शर्ट त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं की तिसरं बटण कधी लावलंत.

“रविवारी संध्याकाळी.”

“शर्टाला बटण नाही, काकू.”

“शर्टाला नाही.” त्यांनी शर्टावरून हात फिरवला. “सांगताना लावलं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. दादा पोटाच्या दुखण्याने दोन आठवड्यांत गेला. त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी किल्ली फिरवायला त्या पक्क्याजवळ गेल्या, तर पक्क्या उद्याच्या कामाची तालीम करत होता आणि जुन्या सवयीने तालमीत दादाही होता. दादा स्विच बंद करतील, मी ग्रीस लावीन, असं तो पुटपुटत होता. काकू तिथेच खाली बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः विचारलं, उद्या दादा कामावर गेला तर काय काय करेल, सांग. पक्क्याने सांगितलं, पण अगदी रुक्ष. दादा येतील, दादा स्विच बंद करतील. त्यांचं मन भरेना. मग त्या सांगू लागल्या. पेन्सिल कानावर असते त्याच्या. टोक चावतो. शिंका दोन येतात, तिसरी अडते. टोपी एका फटक्यात खिळ्याला अडकली असं कधी झालं नाही. पक्क्या प्रत्येक गोष्ट घेऊन तालमीत ठेवी, आणि त्यांना परत सांगताना दादा चालू-बोलू लागे.

“आणि मग मी किल्ली फिरवायची,” काकू म्हणाल्या. “दर संध्याकाळी त्याला पहिल्यापासून घडवायचा आणि दहा मिनिटांनी झाडून टाकायचा. बाई, एकदा गेला तेवढं पुरे नव्हतं का?”

म्हणून त्यांनी किल्ली सोडली. अकरा महिने झाडणं झालं नाही. दादा रोज थोडा थोडा वाढत गेला. मिस्त्रींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांच्या देखत मुलाचं नाव काढायची सोय नव्हती. ते उठून जात. त्या तुटलेल्या बटणाचा काकूंना सारखा घोर असे. तो आजारी पडायच्या आधीच्या दिवशीच म्हणाला होता, आई, बटण लाव गं. राहून गेलं. रविवारी त्यांनी पक्क्याला सांगितलं की निळा दोरा संपला, पांढऱ्याने लावलंय, उद्या हाच शर्ट घालून जाईल.

“त्याने शर्ट घातला का हो सोमवारी?” त्यांनी मला विचारलं. डोळ्यांत चक्क आशा होती. त्यांना अजून काहीच कळलेलं नव्हतं.

मला कळलं होतं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. आरशातल्या बाईला विचारलं, आता काय करणार? दुसऱ्या चौकोनात सही केली तर पक्क्या जाईल, पण या बाईला कधीच कळणार नाही. यंत्र बिघडलं, नवरा गेला, एवढंच राहील. पहिल्या चौकोनात केली तर खरं लिहावं लागेल. दादा दोन्हीकडे जाणारच होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात, पण तिथे निदान पाणी तरी असतं.

मी बाहेर आले तेव्हा तीन वाजले होते.

५

धाकटा, काकू आणि पक्क्या, तिघांसमोर मी बोलायला उभी राहिले. अजूनही खोटं बोलायचं की खरं, हे ठरलं नव्हतं. म्हणून मी आधी घड्याळाचं बोलले. ते निदान कुणाचं नव्हतं.

मशीन रूममधलं घड्याळ त्याच स्विचच्या विजेवर चालतं. स्विच बंद असेल तेवढा वेळ ते थांबतं आणि मागे पडतं. ते पुढे करणारा धाकटा सोमवारी आला नव्हता, आणि तेव्हापासून खोलीला सील होतं. पक्क्या म्हणाला तसा स्विच बारा मिनिटं बंद असता तर घड्याळ बारा मिनिटं मागे दिसलं असतं. ते एका मिनिटानेही मागे नव्हतं. म्हणजे सोमवारी स्विच कुणी चालू केला, हा प्रश्नच चुकीचा होता.

“तो बंद झालाच नव्हता,” धाकटा म्हणाला. “दादा गेल्यापासून तो मीच बंद करायचो.”

मी पक्क्याला विचारलं की ग्रीस लावत असताना घड्याळ चालू होतं का.

“चालू होतं,” तो म्हणाला. “मला टिकटिक ऐकू येत होती. मला ती अडगळ वाटली.”

मोटर बंद स्विचला जशी गप्प असते तशीच लिफ्ट उभी असतानाही गप्प असते. स्विचकडे त्याची पाठ होती. वळून बघायची गरज नव्हती, कारण त्याला स्वच्छ आठवत होतं की स्विच बंद झाला आहे. शिंका आठवत होत्या, टोपी आठवत होती. मिस्त्रींनी खालून विचारलं आणि त्याने उत्तर दिलं. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्याइतकं खरं त्या दिवशी कुणीच बोललं नसेल. पुढे लिफ्ट गेली, त्याने वळून पाहिलं, स्विच चालू. मग त्याने मनात शोधलं आणि त्याला आपलाच हात सापडला.

इथवर मी सांगितलं आणि थांबले. बंद झाल्याची आठवण कुठून आली, हे मी सांगितलं नाही. बिघाड, एवढाच शब्द तोंडात तयार ठेवला होता. काकू मात्र पक्क्याकडे सरकल्या.

“सोमवारी दादाने कुठला शर्ट घातला होता?”

“निळा चौकडीचा. तिसरं बटण पांढऱ्या दोऱ्याने लावलेलं होतं.”

काकूंनी मांडीवरच्या शर्टाकडे पाहिलं. बटण नव्हतं तिथे बोट ठेवलं. मी तो शब्द उच्चारायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हिशेब जुळावा तशा नुसत्या मान हलवत राहिल्या, हो, हो, हो.

“त्यांनी विचारलं पक्कं,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि माझ्या बटणाने सांगितलं पक्कं.”

धाकटा आईजवळ जाऊन बसला. त्याने मला एवढंच सांगितलं की वहीत सही त्याची आहे, तेव्हा न झाडल्याचा दोष त्याच्या नावावर लिहावा. मी तसाच लिहिला. त्याचा लिफ्टदुरुस्तीचा परवाना गेला आणि त्या कंपनीतून बोलावणं यायचं ते आलं नाही. खऱ्याखोट्याची एवढी उलाढाल करून कागदावर शेवटी खोटंच चढलं.

पावणेचारला मी पहिल्या चौकोनात सही केली. नियमाप्रमाणे झाडणं माझ्या डोळ्यांदेखत, घरच्या माणसाने करायचं असतं. धाकट्याने हात पुढे केला, पण काकूंनी किल्ली दिली नाही. खपली खरवडून मी भोकात तेल सोडलं. पक्क्याने विचारलं की झाडल्यावर त्याला काय आठवेल. जे घडलं तेवढं, मी म्हणाले. तू त्यांना मारलं नाहीस, हे तुला कळेल. मला खरंच वाटलं होतं की मी त्याला काहीतरी देते आहे.

काकूंनी किल्ली घातली. फिरवण्याआधी त्या त्याच्या कानाशी वाकल्या. मला वाटलं, शेवटचं एकदा विचारतील, उद्या दादा कामावर गेला तर. त्यांनी विचारलं नाही. शर्ट छातीशी धरून डाव्या हाताने किल्ली फिरवत राहिल्या. अकरा महिन्यांचा ढीग होता, दहा मिनिटांऐवजी पन्नास लागली. त्या पन्नास मिनिटांत पेन्सिल गेली, टोपी गेली, शिंका गेल्या. कुठली कधी गेली हे कळायला काही मार्ग नाही.

पक्क्याने मान वर केली.

“स्विच कुणीही बंद केला नव्हता,” तो म्हणाला. “घड्याळ चालू होतं. थोरल्या मिस्त्रींनी विचारलं आणि मी पक्कं म्हणालो.” मग तो थांबला. “मी पक्कं का म्हणालो?”

त्याचं कारण नुकतंच झाडलं गेलं होतं. जगात ते आता तीनच माणसांकडे होतं. मी धाकट्याकडे पाहिलं, धाकट्याने आईकडे. काकू किल्ली पुसून खिळ्याला अडकवत होत्या.

६

अशा प्रकरणात वर्षभर महिन्यातून एकदा जाऊन पाहायचं असतं. मी संध्याकाळी जाते, म्हणजे झाडणंही बघता येतं. वर्कशॉप बंद आहे. पुल्यांवर धूळ चढली आहे. धाकटा कुठल्याशा गोदामात ओझी वाहतो आणि उशिरा येतो. पक्क्याला काम नाही. तो कोपऱ्यात बसून एकच करतो. सकाळपासून तालीम करतो की मी पक्कं का म्हणालो.

वाईटाचा पाठ म्हणावा तसा तो एकेक कारण मोठ्याने म्हणतो. मला मिस्त्री मरायला हवे होते म्हणून. मला काम लवकर संपवायचं होतं म्हणून. मी आधीपासून खोटारडा होतो म्हणून. सगळ्यात वाईट आधी, तशी त्याला शिकवणच आहे. शंभर-दीडशे कारणं होतात. संध्याकाळी काकू किल्ली फिरवतात, सगळी झाडली जातात, घडलेलं तेवढं उरतं. दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. मला एकदा वाटलं, त्याला सांगून टाकावं. पण मग त्याला हेही सांगावं लागेल की रोज त्याची मान धरणारा हात कुणाचा आहे.

काकूंनी एकही संध्याकाळ चुकवलेली नाही. वहीत आता त्या स्वतः सही करतात, ज्या त्या दिवशी.

काल मी गेले तेव्हा त्या किल्ली घालून उभ्या होत्या आणि पक्क्या कारणं म्हणत होता. एकशे बारावं होतं की एकशे तेरावं, मी मोजत नव्हते.

“कुणीतरी मला जे नव्हतं ते इतकं बारीक, इतक्या मायेने सांगितलं,” तो म्हणाला, “की मला ते घडलेलं वाटलं.”

काकूंचा हात थांबला. पक्क्याही थांबला, आज पहिल्यांदाच, आणि मान मागे वळवून त्यांच्याकडे पाहू लागला. तो वाट पाहत होता. काकूंचे ओठ हलले, पण शब्द आला नाही.

मग त्यांनी हलक्या हाताने त्याची मान पुन्हा पुढे वळवली आणि किल्ली फिरवली.